ललिताबाईंचा डावा डोळा

गेल्या टर्ममध्ये बॉक्सिंगच्या सरावात माझ्या डाव्या भुवईला मार लागला. टाके पडले आणि डॉक्टरांनी सहा महिने रिंगमध्ये उतरायला मनाई केली. सुट्टीत रायपूरला, बूढापाऱ्यात आजीकडे गेलो तेव्हा मी कोणाशी धड बोलत नव्हतो. एका दुपारी टीव्हीवर 'अनाडी' लागला होता. आजी म्हणाली, "अरे, त्या मिसेस डिसाचा डावा डोळा नीट बघ." त्या होत्या ललिता पवार.

त्यांचे मूळ नाव अंबा सगुण. जन्म १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मूकपटांच्या काळात त्या लहानपणीच पडद्यावर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटात सहकलाकार भगवानदादा त्यांना थप्पड मारतात, असा प्रसंग होता. चित्रीकरणात ती चुकून फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला. बरेच दिवस उपचार चालले, पण डाव्या डोळ्यातला दोष कायम राहिला. नायिकेच्या भूमिका मिळणे बंद झाले. तेव्हा त्या जेमतेम २६ वर्षांच्या होत्या.

ललिताबाईंनी अभिनय सोडला नाही, भूमिका बदलल्या. 'दहेज' (१९५०) मध्ये त्या खाष्ट सासू झाल्या, तर 'श्री ४२०' (१९५५) मध्ये प्रेमळ केळेवाली. 'अनाडी' (१९५९) साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, त्यातली मंथरा त्यांचीच. १९९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

मी त्या दुपारी डोळ्याकडेच बघत बसलो. सासू म्हणून तो बारीक झाला की धडकी भरते, असे आजी सांगत होती. पण मिसेस डिसा रागावते तेव्हा तोच डोळा मायेचा वाटतो. म्हणजे डोळा तोच, काम निराळे. इजा झाकत बसण्याऐवजी त्यांनी तिला कामाला लावले, असे मला वाटते.

टर्म सुरू होताच मी आमच्या बॉक्सिंगच्या सरांना भेटलो. म्हटले, "सर, डॉक्टर परवानगी देईपर्यंत मी ज्युनियर्सचे फूटवर्क घेऊ का?" सर म्हणाले, "उद्या सकाळी साडेपाचला ये."