तारामतीपासून आजीपर्यंत

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झालेली असते, मुलं शाळेतून यायला अजून तास-दीड तास असतो आणि घरात आपण आणि पंखा एवढेच उरतो. हा वेळ तुम्ही कशात घालवता? मी वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसते. गेल्या पावसाळ्यात असंच एक जुनं, बांधणी सुटलेलं पुस्तक हाती आलं. 'मी दुर्गा खोटे'. सहज चाळायला घेतलं, आणि चार वाजले तरी चहाचं आधण ठेवायची शुद्ध राहिली नाही!

सासूबाई उठून आल्या. पुस्तकावरचं नाव वाचून म्हणाल्या, "ही 'बॉबी'तली आजी ना गं?"

"हो आई. आणि 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाईसुद्धा हीच. आणि आपल्या पहिल्या मराठी बोलपटातली तारामतीही हीच."

सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई! मग ही म्हातारी झाली तरी कधी?"

आम्ही दोघी हसलो. पण नंतर भाकऱ्या थापतानाही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जी बाई १९३२ साली नायिका होती, तीच १९८०च्या 'कर्ज'पर्यंत पडद्यावर दिसत राहिली. मधल्या काळात किती नायिका आल्या आणि विस्मृतीत गेल्या! मग यांनाच हे कसं जमलं?

आम्हां अलिबागकरांना या बाईंबद्दल जरा जास्तच जिव्हाळा. उतारवयात त्या इथं अलिबागला राहायला आल्या आणि इथं आल्यावरच त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. १९८२ साली ते प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं होतं.

आधी शिकवण्या, मग सिनेमा

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड. घर सुखवस्तू, घराणं मूळ गोव्याकडचं. कॅथेड्रल हायस्कूल, पुढं सेंट झेवियर्स कॉलेज, असं त्या काळी मुलींना दुर्मीळ असलेलं शिक्षण त्यांना मिळालं. खोट्यांच्या मोठ्या घरात लग्न होऊन गेल्या. बकुल आणि हरीन हे दोन मुलगे झाले. आता सगळं सुरळीत चालायचं, असं कुणालाही वाटलं असतं. पण संसाराची आर्थिक घडी विस्कटली आणि तारुण्यातच वैधव्यही वाट्याला आलं.

हाताशी होतं ते शिक्षण. म्हणून आधी त्यांनी शिकवण्या केल्या. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसले. कारण सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या 'ह्यां'ची कंपनी बंद पडली, तेव्हा मीही एका शाळेत तासांवर शिकवायला जाऊ लागले. पहिल्या महिन्याचे पैसे हातात आले त्या दिवशीच आमच्या नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आता सुनेच्या कमाईवर दिवस काढायचे का?" त्या रात्री मी फार रडले. बी.ए. झालेली बाई चार मुलांना शिकवायला गेली तर आजही हे ऐकावं लागतं. मग १९३१ साली सिनेमात जाणाऱ्या, चांगल्या घरातल्या बाईला लोकांनी काय म्हटलं नसेल!

म्हटलंच. 'फरेबी जाल' या पहिल्या चित्रपटात त्यांचं काम अगदी लहान होतं. तो चित्रपट चांगला चालला नाही आणि टीकेची झोड मात्र उठली. तेव्हा कुलीन घरातली स्त्री पडद्यावर येणं म्हणजे अब्रू वेशीला टांगणं, असं मानलं जाई. आणखी कुणी असती तर पदर तोंडाला लावून घरी बसली असती.

पण प्रभात कंपनीच्या व्ही. शांतारामांनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी बोलावलं. कोल्हापुरात तयार झालेला हा चित्रपट १९३२ साली आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. तेव्हा दुसऱ्याच्या आवाजात गाणं नंतर भरायची सोय नव्हती. बोलायचं आणि गायचंही स्वतःच, तेही कॅमेऱ्यासमोर उभं राहून. शिवाय चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करायचा. काशीच्या बाजारात विकली जाणारी ती राणी लोकांनी पाहिली, आणि नावं ठेवणारी तोंडं बरीचशी बंद झाली. त्यांच्यानंतर सुशिक्षित घरांतल्या इतर मुलींनाही ही वाट जरा सोपी झाली, हे त्यांचं मोठंच ऋण.

एकाच कंपनीच्या दावणीला नाही

त्या काळी नटनट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असत, गिरणीत किंवा कचेरीत असावं तशा. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला एका कंपनीला बांधून घेतलं नाही. प्रभातची कामं केली, कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या हाताखाली 'सीता' (१९३४) केला. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. 'अमर ज्योति'मध्ये (१९३६) त्या चक्क समुद्रावर चाचेगिरी करणारी बंडखोर स्त्री झाल्या. पुढं 'साथी' हा चित्रपट काढून निर्मितीतही उतरल्या. बायकांनी चित्रपट काढायचा, हे तेव्हा फारच दुर्मीळ होतं.

आणि आता ऐका माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. १९४१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये काम केलं. कशाचं? सासूचं! सुनेला छळणाऱ्या खाष्ट सासूचं. नायिका होत्या वनमाला. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. विचार करा, सीता झालेल्या बाईनं आठ वर्षांनी कैकेयी व्हायचं! आपल्याला कुणी हळदीकुंकवात 'काकू' म्हटलं तरी दिवसभर चुटपुट लागते. पण याच दोन भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेनं त्यांना लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. वय दाराशी आलं तेव्हा दुर्गाबाईंनी दार लावून घेतलं नाही. त्याला आत घेतलं, पाट मांडला आणि त्याच्याकडून काम करून घेतलं.

रंगभूमीचा संसार

चित्रपटाचं एवढं चाललं असताना त्यांनी नाटकही सोडलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई गाजली. शिरवाडकरांनी शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' मराठीत आणला तो 'राजमुकुट' या नावानं. त्यात नानासाहेब फाटकांसमोर त्या उभ्या राहिल्या. पडद्यावर डोळ्यांची पापणी हलली तरी पुरते. नाटकात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचावा लागतो आणि चुकलं तर पुन्हा घेता येत नाही. ही दोन्ही कामं सांभाळणं म्हणजे एका शेगडीवर पुरणपोळी आणि दुसरीवर चकली, दोन्हीकडे आच वेगळी! १९५८ साली संगीत नाटक अकादमीनं त्यांचा गौरव केला आणि १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नाटक त्यांच्या घरातही होतं. प्रसिद्ध दिग्दर्शिका विजया मेहता या त्यांच्या सूनबाई, हरीन यांच्या पत्नी. शुभा खोटे आणि विजू खोटे ही त्यांच्या दिरांची मुलं. पण हरीन अकाली गेले आणि आईच्या डोळ्यांदेखत मुलगा जाण्याचं दुःख त्यांना सोसावं लागलं. बाहेर टाळ्या घेणाऱ्या बाईच्या घरात काय असतं, ते आपल्याला कुठं दिसतं!

तरीही काम चालूच राहिलं. १९६०च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये एकीकडे नवरा अकबर आणि दुसरीकडे मुलगा सलीम, अशा कात्रीत सापडलेली त्यांची जोधाबाई आठवा. अकबर कोण? पृथ्वीराज कपूर, सव्वीस वर्षांपूर्वीचे त्यांचेच राम! मग 'बॉबी'तली (१९७३) नातीवर जीव टाकणारी आजी. 'बिदाई'साठी (१९७४) सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. आणि १९८८ साली दूरदर्शनवर आपण सगळ्यांच्या घरची गोष्ट म्हणून पाहिली जाणारी 'वागले की दुनिया' आली, तीसुद्धा त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

माझ्या कपाटातला कागद

आता तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या, आपण कुठं? खरं आहे. पण मैत्रिणींनो, माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक कागद दोन वर्षं पडून होता. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेची माहिती त्यावर लिहून ठेवली होती. बी.एड. नाही म्हणून शाळेत मी कायमची तासांवरचीच बाई. दर वर्षी वाटायचं, आता सदतिसाव्या वर्षी कुठं विशीतल्या मुलींबरोबर बाकावर बसायचं? लोक हसतील.

त्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मी तो कागद काढून ह्यांच्यासमोर ठेवला. ते काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "भर गं तो फॉर्म. ती बाई छत्तिसाव्या वर्षी सासू झाली, तू सदतिसाव्या वर्षी विद्यार्थिनी हो. दुपारचं मी बघते."

फॉर्म भरलाय. परीक्षेत काय होईल ते होवो. सध्या कुकरची शिट्टी होईपर्यंत अभ्यास आणि शिट्टीनंतर स्वयंपाक, असं चाललंय.

तुमच्याही कपाटात असा एखादा कागद असेल. शिवणाच्या क्लासचा, अर्धवट राहिलेल्या पदवीचा, गाण्याच्या परीक्षेचा. आज दुपारी काढून तरी बघा. आणि वाचनालयात दुर्गाबाईंचं पुस्तक मिळालं तर जरूर आणा. फक्त चहाचं आधण आधी ठेवा, म्हणजे माझ्यासारखी फजिती व्हायची नाही!