प्रयोगशाळेतलं पाणी

नळाचं पाणी पिण्याजोगं असलं तरी प्रयोगशाळेत चालत नाही. त्यात क्षार असतात, क्लोरीन असतो. चाचणीचा आकडा चुकायला तेवढं पुरे. म्हणून आधी कार्बनच्या गाळणीत क्लोरीन अडवतात, नाहीतर पुढचा आरओचा पडदा खराब होतो. आरओ बहुतेक क्षार काढतो. इथवर सगळं घरच्या यंत्रासारखंच. खरी करामत पुढे, रेझिनच्या बारीक मण्यांत. एका जातीचे मणी सोडियम, कॅल्शियमचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजनचे सोडतात. दुसऱ्या जातीचे क्लोराइड घेऊन हायड्रॉक्सिल देतात. सुटलेल्या या दोघांचं मिळून पाणीच बनतं! मग अतिनील दिवा जिवाणू मारतो आणि शेवटी ०.२ मायक्रॉनची गाळणी.

यंत्रावरचा आकडा पाण्याची विद्युत रोधकता दाखवतो. २५ अंश सेल्सियसला १८.२ मेगाओम-सेंटिमीटर म्हणजे क्षार जवळपास संपले. जिवाणू मात्र या आकड्यात दिसत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी. आणि हे पाणी साठवून उपयोग नाही. उघड्या चंचुपात्रात ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, आकडा झपाट्याने घसरतो, पाणी किंचित आम्ल होतं. तेव्हा पहिली धार सोडून द्यायची आणि लागेल तेवढंच, ऐन वेळी काढायचं.