चोराच्या नजरेने पाण्याची टाकी



यंदा विज्ञान मंडळात मुलांना 'हल्ला' करायला शिकवणार, हे ऐकून एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, शाळेत चोरी शिकवता काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून खुलासा करतो.

रायगडाची हिरकणी सर्वांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाल्यावर ती बाळाच्या ओढीने कडा उतरली आणि महाराजांनी तेथे बुरूज बांधला, असे सांगतात. पहारेकऱ्यांना न दिसलेली वाट उतरणारीला दिसली.

आज वीज, पाणी, रेल्वेचे सिग्नल संगणकाच्या हुकुमावर चालतात. त्यात घुसलेला माणूस नुसती माहिती चोरत नाही, यंत्रही मोडू शकतो. २००७ साली अमेरिकेच्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे मुद्दाम करून पाहिले. जनित्राचा ब्रेकर चुकीच्या क्षणी उघड-बंद करण्याचे हुकूम दिले. प्रचंड जनित्र हादरले, धूर निघाला आणि ते निकामी झाले. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दोन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज खरोखरच घालवली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज जाऊन लोकल थांबल्या, तेव्हा पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक सांगितली. चूक की घातपात, हे ओळखायलाही यंत्रणा आतून जाणणारी माणसे लागतात. अशी माणसे नुसत्या पुस्तकातून घडत नाहीत. म्हणून सिंगापूरला जलशुद्धीकरणाचा छोटा पण चालू कारखाना केवळ अशा सरावासाठी उभारला आहे. आपल्या कानपूर आयआयटीतही वीज-पाण्याचे असे नमुने आहेत.

आमच्याकडे दोन बादल्या, छोटा पंप आणि फ्लोट आहे. पाणी उतरले की फ्लोट खाली येतो व पंप सुरू होतो. आठवीच्या एका मुलीने फ्लोट दोऱ्याने वर बांधला. पंप समजला, टाकी भरलेली आहे! टाकी कोरडी पडली तरी तो हलला नाही. दुसऱ्या गटाने उपाय काढला : बाहेर पारदर्शक नळी लावून पातळी वेगळी मोजायची, दोन्ही मापे जुळली नाहीत की घंटा वाजवायची. मग पहिला गट ती नळीच चिमटीत दाबायला निघाला. (आम्ही तासाची घंटा विसरलो.)

हल्ला फक्त या नमुन्यावर, शिक्षकांसमोर. कार्यालयाचा संगणक किंवा शेजाऱ्याचे वायफाय यांना हात लावणे चालणार नाही. परवानगीवाचून तसे करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे. पाल्यांबरोबर संमतिपत्र दिले आहे. विचार करून सही करावी. शंका असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर यावे, बादल्या मांडलेल्याच असतील.

— मुख्याध्यापक