सेवा करणाऱ्यांचा थकवा

बर्नआउट : ही संज्ञा रूढ झाली ती मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांच्या 1974 च्या लेखामुळे. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात ते दिवसभराची प्रॅक्टिस आटोपून रात्री उशिरापर्यंत काम करत. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, उदास होताना त्यांनी पाहिले. स्वतः तेही सुटले नाहीत.

खुणा तीन : भावनिक थकवा, समोरच्याविषयी कोरडेपणा, ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना. मोजण्यासाठी क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांची प्रश्नावली (1981).

आजार की नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-11) बर्नआउट हा आजार नव्हे, कामाशी निगडित स्थिती. घरी आईवडिलांची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगा या व्याख्येत बसत नाही.

घरच्यांसाठी : शुश्रूषेचा भार मोजणारी झॅरिट प्रश्नावली, 1980 पासून. मूळचे प्रश्न 29, आता प्रचलित 22. रुग्ण शेजारी असताना राग येतो का, असाही एक प्रश्न त्यात आहे.

करुणेचा थकवा : बर्नआउटहून वेगळा. दुसऱ्याचे आघात सतत ऐकून-पाहून येतो, कधी अचानकही. परिचारिका, समुपदेशक, बचावपथकांत आढळतो.

मदत : टेलि-मानस हेल्पलाइन, 14416. मोफत, 24 तास, मराठीतही.