रोध आणि शक्ती : दोन आकड्यांचा हिशेब (लेखांक ६)

विद्युतदाब आणि विद्युतधारा हे दोन आकडे हाती असले, की उपकरणाचा रोध आणि ते घेत असलेली शक्ती दोन्ही काढता येतात. दाबाला धारेने भागले की रोध येतो, दाबाला धारेने गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये आणि धारा अँपिअरमध्ये घेतली, तर रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मिळते. २३० व्होल्टवर एखादा गिझर ८.७ अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती २,००० वॅट. आकडेमोड एवढीच आहे. चूक होते ती यातली कोणती राशी कायम राहते आणि कोणती बदलते, हे न पाहिल्यामुळे.

या हिशेबाचा पाया जर्मन शिक्षक गेऑर्ग सिमोन ओहम याने घातला. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे तारेची लांबी बदलली की धारा नेमकी किती बदलते हे मोजणे अवघड होते. १८२६ मध्ये ओहमने घटाऐवजी तांबे आणि बिस्मथ यांचा जोड वापरला; त्यात दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकामुळे दाब निर्माण होतो. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने ठरलेली असल्याने दाबही ठरलेला राहिला, आणि मापे जुळू लागली. १८२७ च्या ग्रंथात त्याने हा नियम सविस्तर मांडला. तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असेल, तर धातूच्या तारेतली धारा दाबाच्या सम प्रमाणात असते. सुरुवातीला मायदेशात या कामाची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूलने दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते.

ओहमचा नियम शक्तीच्या सूत्रात घातला, की तिची आणखी दोन रूपे मिळतात : दाबाचा वर्ग भागिले रोध, आणि धारेचा वर्ग गुणिले रोध. घरगुती उपकरणांसाठी पहिले रूप जास्त उपयोगी, कारण घरात उपकरणे समांतर जोडलेली असतात आणि सगळ्यांना जवळपास सारखाच दाब मिळतो. तारांसाठी दुसरे.

गिझरवर ‘२,००० वॅट’ लिहिलेले असते, ते २३० व्होल्टसाठी. गिझरमध्ये कायम असतो तो कॉइलचा रोध, वॅट नव्हे. शेतीपंपांचा लोड वाढून गावाच्या टोकाला व्होल्टेज १८० वर आले, तर तोच गिझर १८० चा वर्ग भागिले २६.४५, म्हणजे सुमारे १,२२५ वॅट घेतो. दाब २२ टक्क्यांनी उतरला, पण शक्ती तब्बल ३९ टक्क्यांनी घटली. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी पस्तीस मिनिटे पुरतात. आता सत्तावन्न लागतात. त्यातही बाहेर निसटणारी उष्णता धरलेली नाही.

विजेच्या शेगडीची कॉइल तुटली, की तुटलेली टोके पीळ देऊन पुन्हा जोडण्याची पद्धत घरोघरी होती. जळका भाग काढून टाकल्यावर कॉइल आखूड होते, तिचा रोध कमी होतो आणि शेगडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. रोध कमी झाला तर उष्णता कमी होईल, ही समजूत इथे फसते. १,००० वॅटच्या कॉइलचा रोध ५२.९ ओहम. तिचा दहावा भाग गेला, तर उरतो ४७.६, शक्ती होते १,१११ वॅट. ही वाढलेली शक्ती आखूड तारेवर पडते, म्हणून तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे २३ टक्के जास्त उष्णता सोसावी लागते. जोडलेली कॉइल लवकर जळते ती यामुळे. शिवाय पीळ सैल असेल तर तो सांधाच आधी लाल होतो.

वायरिंगमध्येही हाच हिशेब लागतो. दीडच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. मीटरपासून गिझर वीस मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तार, म्हणजे ०.४८ ओहम. ८.७ अँपिअरला या तारेत चार व्होल्ट उतरतात आणि सुमारे ३७ वॅट नुसते तार तापवण्यात जातात. अडीचच्या वायरमध्ये हा आकडा २२ वर येतो. गिझरसाठी इलेक्ट्रिशियन अडीचच्या वायरचा आग्रह धरतो, तो रास्तच आहे. धारा दुप्पट झाली, की तारेतली उष्णता चौपट होते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री आणि हीटर लावणे धोक्याचे असते ते म्हणून.

रोध नेहमीच कायम राहतो असेही नाही. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो. तोच बल्ब काढून, थंड असताना, मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास ओहम दिसतात. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते आणि तिचा रोध बारा-तेरा पटींनी वाढतो. बटण दाबल्याच्या क्षणी म्हणूनच दहापटीहून जास्त धारा धावते, आणि झिजलेली तार बहुधा त्याच वेळी तुटते. गिझरच्या किंवा शेगडीच्या नायक्रोम कॉइलमध्ये हा फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे तिथे थंड माप चालते. मात्र रोध मोजताना उपकरण पुरवठ्यापासून पूर्ण सुटे केलेलेच हवे.

पंखा, पंप, फ्रिज यांच्या मोटरांना मात्र हा सरळ गुणाकार लागू पडत नाही. प्रत्यावर्ती धारेत मोटरीची धारा दाबाच्या मागे पडते आणि दोहोंच्या गुणाकाराला शक्तिगुणकाने गुणावे लागते. समजा, क्लॅम्प मीटरवर पंपाची धारा ७ अँपिअर दिसली. २३० ने गुणल्यावर १,६१० येतात, पण ते वॅट नसून व्होल्ट-अँपिअर असतात. शक्तिगुणक ०.८ असेल, तर पंप खरोखर घेतो ती शक्ती १,२८८ वॅट, आणि घरगुती मीटरवर तासाला सुमारे १.३ युनिट पडतात.