शिवनेरी म्हणा, शिवनेरी लिहा

‘शिवनेरी’ म्हणताना आधी ‘श’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी ‘श’च्या डावीकडे. जुन्नरमधल्या पहिलीच्या पोराला हे घोटून घ्यावं लागतं. बोलणं तो शाळेत पाऊल टाकण्याआधीच शिकलेला असतो.

लेखन आहेच जेमतेम पाच हजार वर्षांचं. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख आपल्याला केवढा प्राचीन वाटतो, पण मेंदूच्या हिशेबात तो कालपरवाचा! अक्षरांसाठी मेंदूत जन्मजात वेगळी खोली नाही. वस्तू नि चेहरे ओळखणारे, हात चालवणारे भागच सरावाने या कामाला जुंपले जातात.

बहुतेकांचे शब्द जुळतात मेंदूच्या डाव्या अर्ध्यात. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. १८९२ मध्ये डॉक्टर देजेरिन यांनी त्याहून चक्रावणारा रुग्ण नोंदवला: तो व्यवस्थित लिहायचा, पण स्वतःच लिहिलेलं त्याला वाचता येत नसे. म्हणजे बोलणं, लिहिणं, वाचणं यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी एकच नाहीत.

मेंदूचा हाच डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून अर्धांगवायूत उजवी बाजू लुळी पडते तेव्हा अनेकदा ‘वाचाही गेली’ असं घरचे सांगतात. ती सगळीच जाते असं नाही. ‘पाणी’ हा शब्द सापडत नसतो, तरी एक ते दहा आकडे किंवा वर्षानुवर्षं म्हटलेला हरिपाठ काहींच्या ओठांवर सलग येतो.