चोराचा बैल, शेजाऱ्याची द्राक्षे

बायबलमधल्या दहा आज्ञांत चोरीला साफ मनाई आहे. म्हणजे ज्याची वस्तू त्याची, हे तिथे धरूनच चालले आहे. त्यातल्याच ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात जनावरे चोरणाऱ्याला तुरुंग सांगितलेला नाही, भरपाई सांगितली आहे. चोरलेला बैल कापला किंवा विकला, तर एकाचे पाच बैल द्यायचे. मेंढरू असेल तर चार. जनावर जिवंत सापडले तर दुप्पट.

मला मात्र ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २३वा अध्याय फार जवळचा वाटतो. शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षे खा, टोपलीत मात्र घालू नका. उभ्या पिकातली कणसे हाताने खुडा, विळा लावू नका. इतकी बारीक, माणुसकीची मोजणी! ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तर जमीन मुळात देवाचीच, माणूस तिथे उपरा. म्हणून विकलेली शेतजमीन पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी मूळ घराण्याकडे परत जायची.